तबकातला राजा

एका राज्यात एक राजा होता. राजा चांगला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्याची बरीच फजिती व्हायची आहे. त्याच्या राज्यात विहिरींना पाणी होतं, न्यायाला उशीर नव्हता, आणि चोरांनी कंटाळून शेती धरली होती. राजाचं नाव मणिकर्ण. त्याला एकच खोड होती. कुणी कुठं काही ठेवलेलं दिसलं, की त्याचे हात शिवशिवत. ती वस्तू जरा सरकवून, जरा फिरवून, बरोबर मधोमध आणून ठेवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

त्या राज्यात तबकपंचमीचा सण असे. त्या दिवशी माणसं रानात, शेतात, ओढ्याकाठी जात आणि मनाला येईल ते वेचून आणीत. पानं, फळं, शेंगा, गोटे, पिसं, झाडाच्या साली. घरच्या तबकात ते मांडीत आणि तबक डोक्यावर घेऊन राजवाड्याच्या चौकात येत. दिवसभर नुसतं बघायचं, दुसरं काही नाही. दिवस कलला की राजतबकातलं नि दरबारातलं खाण्याजोगं असेल ते मुदपाकखान्यात जाई, अशी रीत होती. पूर्वी म्हणे कुणाचं तबक हसरं असे, कुणाचं रुसलेलं असे, आणि एका विधुराचं तबक पाहून अख्खा चौक गप्प झाला होता.

मग मणिकर्ण गादीवर आला आणि तबकांमधून फिरू लागला. "हे मोठं फळ कडेला का? मध्ये घ्या. इकडे दोन पानं, तिकडे दोन पानं. आता कसं!" लोक मान डोलवीत. पुढच्या वर्षी लोकांनी मोठं फळ आधीच मध्ये ठेवलं. होता होता असं झालं, की चौकात शेकडो तबकं आणि मांडणी मात्र एकच. राजाला फार समाधान वाटे.

राणीचं नाव केतकावती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मनात पुष्कळ काही होतं. आता विचारलं असतं तर तिला स्वतःलाही ते सांगता आलं नसतं. लुगडं कुठलं नेसू? महाराज सांगतील ते. गजरा कसला माळू? महाराज म्हणतील तो. तिचं तबक दासी मांडीत, राजा ते सरळ करी, आणि राणी म्हणे, "छान." हा शब्द तिला इतका सवयीचा झाला होता, की एकदा तिला ठेच लागली तेव्हाही तिच्या तोंडून तोच निघाला.

एके वर्षी तबकपंचमीला रानातून रानजाई आली. रानजाई मोठी मायाविनी. वाघ तिच्याकडे जखम दाखवायला येत आणि पाऊस तिला विचारून पडे. तिनं आपलं तबक चौकात ठेवलं. तबकाच्या एका कडेला एक भोपळा, तोही पाठ फिरवून बसलेला. दुसऱ्या कडेला मूठभर लाल गुंजा सांडलेल्या. मागं शेवाळ चढलेली एक वाकडी फांदी. आणि मध्ये काही नाही. केतकावती ते तबक पाहून जागीच थांबली. का थांबलो ते तिला कळेना, पण पुढं जाववेना.

राजा आला. त्यानं तबक पाहिलं, हात पुढं केला, भोपळा उचलून मधोमध ठेवला, गुंजा दोन सारख्या वाट्यांत विभागल्या आणि हात झटकले. "आता कसं!"

"हे कुणी हलवलं?" रानजाईनं विचारलं.

"आम्ही."

"का?"

"मध्ये मोकळं होतं."

"मोकळं नव्हतं," रानजाई म्हणाली. "तिथं ऊन होतं."

राजानं पाहिलं. उन्हाचा कवडसा आता भोपळ्याखाली गेला होता. "ऊन काय, कुठंही पडतं," तो म्हणाला.

हे बोलायला नको होतं. रानजाईनं बोट उगारलं. "मध्ये भोपळा हवा होता ना तुला? मग तूच हो."

राजाचा भोपळा झाला. चांगला ऐसपैस, केशरी, पोटावर हिरव्या रेघा. मुकुट होता तिथं देठ आला. आवाज तेवढा राजाचाच राहिला. प्रधान बोधराज धावत आला, त्यानं भोपळा उचलून दरबारात नेला आणि मागोमाग आलेल्या सगळ्यांसमोर सिंहासनावर ठेवला, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि पुन्हा पुढं येऊन तो बरोबर मध्यावर आणला. सवय वाईट असते.

राणीनं रानजाईचे पाय धरले. "उःशाप दे, माये."

"देते. रानात तीन ठिकाणी जा. कमळतळं, नागाची गुहा, सुगरणींचं झाड. तिन्हीकडून एक एक वस्तू आण. मोठी नको, मोलाची नको, तुझ्या मनाला भावलेली हवी. त्या तीन वस्तू आणि हा भोपळा एका तबकात मांड, कुणाला न विचारता. ती मांडणी बघून यानं मनापासून 'राहू दे' म्हटलं, की शाप सुटेल."

"राहू दे! राहू दे! राहू दे!" भोपळा सिंहासनावरून ओरडला.

कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "आणि नाही म्हटलं तर?" राणीनं विचारलं.

"देठ आहे तोवर हा राजा. देठ गळला की नुसता भोपळा. आणि हा जितक्या वेळा हलवा, सरकवा, बदला म्हणेल, तितक्या वेळा देठ तडकेल. माझा धनेश तुझ्यासोबत येईल. खरं काय नि खोटं काय, ते त्याला कळतं."

एक भला मोठा धनेश पक्षी पंख वाजवीत खाली उतरला आणि आपली ती थोरली पिवळी चोच राणीकडे वळवून म्हणाला, "चलावं."

"थांबा," भोपळा म्हणाला. "निघण्यापूर्वी ती कोपऱ्यातली समई जरा डावीकडे..."

कट्! देठाला चीर गेली. सगळा दरबार दचकला. सगळ्यांत जास्त भोपळा दचकला.

राजाला वाड्यातच ठेवून जावं, असं राणीच्या मनात होतं. ती आवराआवर करायला आत गेली आणि बाहेर येऊन बघते तो सिंहासन रिकामं. दिवस कलला होता. मुख्य आचारी कोंडभट रीतीप्रमाणे दरबारातलं खाण्याजोगं ते घेऊन गेला होता. राणी धावत मुदपाकखान्यात पोचली, तेव्हा भोपळा विळीपुढं होता आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "कोंडभट, अरे आम्ही आहोत!"

"होय महाराज," कोंडभट अदबीनं म्हणाला. तो पाठमोरा होता आणि त्याला वाटलं, महाराज दारात उभे आहेत. "भाजी करू की घारगे?"

राणीनं भोपळा उचलून छातीशी धरला. त्यानंतर तिनं त्याला नजरेआड केलं नाही. एका टोपलीत मऊ गवत घातलं, गवतावर राजा ठेवला, टोपली कडेवर घेतली आणि ती रानाची वाट चालू लागली.

वाटेत राजा म्हणाला, "राणी, टोपली जरा..." आणि थांबला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. गवत छान आहे."

कमळतळं रानाच्या ऐन मध्यावर होतं. त्यात सोन्याची कमळं फुलत, रुप्याची फुलत, आणि निळ्या रंगाचीही फुलत, जी दिवसातून तीनदा आपणहून उघडत नि मिटत. राणी काठावर गेली आणि सगळ्यांत मोठं सोन्याचं कमळ तोडून घेऊन आली.

धनेशानं मान वाकडी केली. "हे कुणाला भावलं?"

"महाराजांना आवडेल," राणी म्हणाली.

तिच्या हातात कमळाचा बेडूक झाला. बेडकानं तिच्याकडे नाराजीनं पाहिलं आणि पाण्यात उडी मारली. राणीनं रुप्याचं कमळ आणलं.

"हे कुणाला भावलं?"

"दरबारात शोभून दिसेल."

दुसरा बेडूक. मग निळं कमळ. राणी म्हणाली, "सगळ्यांनाच निळं आवडतं." तिसरा बेडूक. काठावर बेडकांची सभा भरायची वेळ आली, तेव्हा धनेश म्हणाला, "राणीसाहेब, तुम्हाला काय आवडतं?"

राणीनं उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि आत काही सापडेना. सवयीनं तिनं टोपलीकडे पाहिलं. टोपलीतून आवाज आला, "सोनेरी. हिला सोनेरी आवडतं." ते ऐकून राणीला रडू कोसळलं. कारण तिला सोनेरी आवडत नाही, एवढं तरी तिला तेवढ्यात कळलं होतं.

ती काठावर बसली, पाय पाण्यात सोडले, डोळे पुसले. चिखलात हात टेकला तेव्हा हाताला काहीतरी लागलं. पाकळ्या कधीच झडून गेलेलं, उन्हानं वाळून काळपट झालेलं कमळाचं बोंड होतं ते. वर गोल गोल भोकं आणि प्रत्येक भोकात एक सुटी बी. राणीनं ते सहज हलवलं. ते खुळखुळलं. तिनं पुन्हा हलवलं आणि ती हसली. रडता रडता हसली, म्हणून नाकातून विचित्र आवाज आला आणि त्याचंही तिला हसू आलं.

"हे कुणाला भावलं?" धनेशानं विचारलं.

"मला," राणी म्हणाली. आणि तिनं मागं वळून पाहिलं, जणू दुसरंच कुणी बोललं असावं.

बोंड बोंडच राहिलं. धनेशानं मान खाली केली.

"राणी," टोपलीतून आवाज आला, "ते चाळणीसारखं काय आहे? टाकून दे. दुसरं बघ."

कट्!

"बोलू नका हो," राणी कळवळून म्हणाली. "देठ निम्म्यावर आला."

नागाची गुहा डोंगराच्या पोटात होती. आत शापित खजिना होता, आणि खजिन्यावर एक म्हातारा नाग वेटोळं घालून होता. माणकांची डाळिंबं, पुष्कराजाची लिंबं, नीलमाची जांभळं, पाचूचे आंबे, सगळं ढिगानं. त्या ढिगाचा उजेड गुहेबाहेर वडाच्या पारंब्यांवर पडत होता.

"यावं राणीसाहेब," नाग म्हणाला. "हवं ते घ्यावं. पण आधी ऐकावं. या ढिगातलं जो उचलतो, तो ढिगातच जातो. तो वरचा पाचूचा आंबा पाहिलात? शेजारच्या राज्याचा युवराज. दोन डाळिंबं खिशात घालत होता."

"माणिक घे, राणी!" भोपळा ओरडला. रत्नं पाहून त्याला नागाचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. "मध्ये मोठं डाळिंब, दोन्हीकडे..." आणि तो स्वतःच गप्प झाला, कारण देठानं कुरकुर केली.

राणी गुहेत फिरली. रत्नांकडे तिनं पाहिलं, पण तिला एखाद्या भपकेबाज लग्नात आल्यासारखं वाटलं. मग अगदी कोपऱ्यात, जिथं रत्नांचा उजेड जेमतेम पोचत होता, तिथं तिला काहीतरी पांढुरकं दिसलं. लांबच लांब, विणलेलं, फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं. त्यातून पलीकडचं दिसत होतं, आणि तिरपं धरलं की त्याच्या खवल्याखवल्यावर गुलाबी, हिरवा, निळा असे रंग पळत होते.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

नाग एवढा मोठा, पण लाजला. "ती माझी जुनी कात आहे, राणीसाहेब. आवरायची राहून गेली. कुणी येत नाही ना त्या कोपऱ्याकडे."

"मला ही आवडली. नेऊ?"

धनेशाला विचारावंही लागलं नाही. त्यानं आपणहून मान खाली केली.

नागाचे डोळे भरून आले. "हजार वर्षं झाली," तो म्हणाला, "लोक येतात ते त्या दगडांसाठी. माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. आणखी काही मागावं."

"त्या मुलाला घरी सोडा," राणी म्हणाली. "त्याची आई वाट बघत असेल."

नागानं एक फूत्कार टाकला. आंब्याचा युवराज झाला, उठला, कपडे झटकले, राणीला वाकून नमस्कार केला आणि घरी गेला. पुढं जन्मभर त्याला आमरस चालत नसे.

गुहेबाहेर आल्यावर राजाला राहवेना. रत्नं सोडून कात घेतलेली बाई त्यानं जन्मात पाहिली नव्हती. "राणी, राजतबकात सापाची कात? बदल ती. आत्ता बदल."

कट्! या वेळी देठ एका बाजूनं पार सुटला आणि कलंडला. राजाला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आपला आवाज आत कुठंतरी ओसरत चालला आहे, असं त्याला वाटलं. त्यानंतर तो बोलला नाही. हात नव्हते, बोलायची सोय उरली नव्हती, तेव्हा जे करता येण्याजोगं होतं तेच तो करू लागला. तो बघू लागला. टोपलीच्या काठावरून त्याला राणीचा हात दिसे. त्या हातात बोंड खुळखुळत असे. चालता चालता राणी काहीतरी गुणगुणत होती, आणि हे गाणं आपण कधी ऐकलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. अधूनमधून राणी खाली बघून विचारी, "आहात ना?" आणि भोपळा म्हणे, "आहे." तेवढंच.

सुगरणींचं झाड नदीवर वाकलेलं होतं. त्यावर शेकडो घरटी लोंबत होती आणि शेकडो पक्षी एकदम बोलत होते. राणी खाली येऊन उभी राहिली, तसे सगळे गप्प झाले. झाडाखाली गवतात एक घरटं पडलं होतं. अर्धंच विणलेलं. त्याला ना तळ होता, ना नळी. वरची विणलेली टोपी तेवढी होती आणि गवताच्या हिरव्या-पिवळ्या काड्या खाली तशाच सुटलेल्या होत्या.

राणीचा हात एकदम पुढं झाला आणि एकदम मागं आला.

"न्यावं," झाडावरची म्हातारी सुगरण म्हणाली. "पण का हवं, ते सांगावं. खरं कारण सांगितल्याशिवाय आम्ही काडीही देत नाही."

"राज्यावर संकट आलं आहे," राणी म्हणाली.

"नाही," सगळं झाड म्हणालं.

"महाराजांचा शाप सुटावा म्हणून."

"नाही."

राणी उभी राहिली. कडेवर टोपली होती, टोपलीत नवरा होता, आणि नवऱ्यासमोर हे बोलायचं होतं. तिनं टोपली खाली ठेवावी का, असा विचार केला. मग ठेवली नाही.

"लग्नानंतरच्या पहिल्या तबकपंचमीला," ती म्हणाली, "मी असंच एक घरटं तबकात ठेवलं होतं. अर्धंच होतं. मला ते फार आवडलं होतं, कारण ते विणता विणता कुणीतरी उठून गेलंय, आत्ता परत येईल, असं वाटत होतं. मी माहेरहून नवीन आले होते. मलाही तसंच वाटत होतं, आपलं अजून विणायचं राहिलंय. महाराज आले. म्हणाले, 'हे अर्धवट आहे.' त्यांनी ते उचलून बाजूला टाकलं आणि दोन लिंबं ठेवली. एक इकडे, एक तिकडे. सगळे हसले. सगळे हसले म्हणून मीही हसले. मला तेव्हा हसू आलं नव्हतं."

मग म्हातारी सुगरण म्हणाली, "न्यावं, बाई."

परतीची वाट निम्मी झाल्यावर टोपलीतून बारीक आवाज आला. "राणी, ती लिंबं... आम्हीच ठेवली होती?"

"हो."

"आम्हाला आठवत नाही."

"मला आठवतं," राणी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राजाला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

इकडे दरबारात प्रधान बोधराजानं जय्यत तयारी केली होती. दोरी धरून त्यानं सिंहासनापुढच्या जागेचा मध्य काढला होता, त्यावर चौरंग ठेवला होता आणि चौरंगावर चांदीचं तबक. खबरदारी म्हणून कोंडभटाच्या हातातली विळी काढून घेतली होती. सकाळची वेळ होती. सारं नगर लोटलं होतं. रानजाई दाराशी उभी होती.

राणी आली. तिनं प्रधानाच्या चौरंगाकडे पाहिलं, तबक उचललं आणि सरळ पूर्वेच्या खिडकीशी जाऊन एका बुटक्या बाकावर ठेवलं. दरबारात कुजबुज झाली. राणीला ती ऐकू आली, पण तिनं कुणाकडे पाहिलं नाही.

आधी तिनं नागाची कात घेतली आणि तबकाच्या मागच्या कडेवरून अशी सोडली, की तिचं एक टोक बाकाखाली लोंबलं. त्यावर एका बाजूला घरटं ठेवलं, सुटलेल्या काड्या आत वळलेल्या. बोंड आडवं टाकलं, बिया दिसतील असं. मग तिनं राजाला उचललं. तिनं राजाला अगदी कडेला ठेवलं, थोडा कललेला, टोपली घासून घासून पांढुरकी पडलेली बाजू पुढं करून. दोनदा काढून पुन्हा ठेवला. मग मागं सरली.

मध्ये मोकळंच राहिलं.

बोधराजाचा हात आपोआप पुढं गेला. "प्रधानजी," राणी म्हणाली, "हात." प्रधानानं हात मागं घेतला आणि काखेत दाबून धरला. मागं उभे असलेले तीन मानकरी आपापल्या हातांवर बसले.

तेवढ्यात सूर्य खिडकीवर आला. मध्ये ऊन पडलं. कातीचे रंग जागे झाले आणि भोपळ्याच्या केशरी पोटावरून सरकत घरट्याच्या काड्यांवर गेले. सगळा दरबार बघत होता, आणि या वेळी खरोखर बघत होता. कोंडभटाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते का आलं, हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही.

राजा कडेला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कडेला होता. आणि कडेवरून त्याला सगळं दिसत होतं. मध्ये असता तर स्वतःखेरीज काहीच दिसलं नसतं.

"राणी," तो म्हणाला, "जरा ते घरटं..."

देठ थरथरला. राणीनं डोळे मिटले. गर्दीत कुणाचं तरी मूल रडणार होतं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं.

"ते घरटं," राजा पुन्हा म्हणाला, आणि त्याचा आवाज फार लांबून आल्यासारखा आला, "अर्धवट नव्हतं. त्याचं विणायचं राहिलं होतं. मी लिंबं ठेवायला नको होती. किती सुंदर मांडलंयस गं. राहू दे. कुणी हलवू नका. राहू दे."

आणि देठ गळून पडला.

राणी किंचाळली. बोधराज मटकन खाली बसला. देठ तबकात गडगडत गेला, उन्हात जाऊन थांबला, आणि तो तिथं थांबतो न थांबतो तोच भोपळ्याच्या जागी राजा मणिकर्ण उमटला, पुऱ्या अंगापिंडाचा, मुकुटासकट. बाक बुटकं, राजा भारदस्त. बाक कलंडलं. तबक उडालं, कात हवेत तरंगली, बोंड खुळखुळत कोंडभटाच्या पायाशी गेलं आणि घरटं राजाच्या मांडीवर येऊन पडलं. शाप सुटला आणि सगळी मांडणी मोडली.

राजा चटकन वाकला. घरटं इकडे, बोंड तिकडे, असे त्याचे हात निघालेच होते. मग ते हवेत थांबले. त्यानं ते मागं नेले आणि पाठीशी घट्ट धरले. कपाळावर घाम आला, पण धरले. भर दरबारात, भुईवर बसल्या बसल्या, त्यानं राणीकडे पाहिलं.

"राणी," तो म्हणाला, "मी कुठं बसू?"

केतकावतीनं दरबाराच्या मधोमध असलेल्या सिंहासनाकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. मग तिनं राजाकडे पाहिलं, डोकं जरा तिरकं करून, तळ्याकाठी बोंडाकडे पाहिलं होतं तसं. ती हसली, आणि कुणी हसतंय म्हणून हसली नाही.

"तिथंच बसा," ती म्हणाली. "जरा सरकून. मध्ये ऊन येऊ द्या."

राजा सरकला.

रानजाईनं धनेशाला खांद्यावर घेतलं आणि ती रानात निघून गेली. पुढच्या तबकपंचमीला ती पुन्हा आली, तेव्हा चौकातली शेकडो तबकं शेकडो तऱ्हांची होती. कुणी नुसते गोटे आणले होते, कुणी एकच पान. कोंडभटाच्या तबकात एक कांदा होता, सोललेला, आणि त्याच्यापुढं बरीच गर्दी होती. सिंहासन त्या राज्यात पूर्वेच्या खिडकीशी तिरपं ठेवलं जाई. राजा मणिकर्ण तबकांमधून फिरे, हात पाठीशी बांधून, ओठ घट्ट मिटून, आणि फार आवडलं की फक्त दोन शब्द बोले. राणीच्या तबकापुढं तो सगळ्यांत जास्त वेळ उभा राही. बाकी सगळं सुधारलं, पण वाड्यात भोपळ्याचे घारगे मात्र पुन्हा कधी झाले नाहीत.

सांगणाऱ्याचं तबक रिकामं झालं. ज्याचं त्यानं आपल्या मनानं भरावं, आणि मध्ये थोडं ऊन राहू द्यावं.